गोल बांधलेली माळ

मल्लय्याकाका गेले, त्याला या दिवाळीत वर्ष होईल. गेले म्हणजे तसे नव्हे हो. भिवंडीला गेले, लेकाकडे. मी असं बोलले की समोरच्याचा चेहरा पडतो, कुणी हळूच हात जोडतं, आणि मग मला खुलासा करावा लागतो. माझी सून रेखा म्हणते, आई, तुम्ही हे मुद्दाम करता. करते की. काकांना कळलं तर तेही हसतील.

परवापासून आमच्या घरात परत ठक ठक सुरू झालंय. माझी नात सई दिवाळीची माळ करायला बसलीय. माळ म्हणजे फुलांची नव्हे, आणि फटाक्यांची तर मुळीच नव्हे. पुठ्ठ्याची. हातात काकांचाच भोकं पाडायचा जुना पंच, काकांचीच हातोडी. ती ठक ठक ऐकली आणि म्हटलं, आता काकांबद्दल लिहायलाच पाहिजे. मी काही शिकलेली बाई नाही, चौथीनंतर कडक भाकरी थापायला बसले ती अजून थापतेय. जसं बोलते तसंच लिहिते. चुकलं तर पुढं वाचा.

सोलापूरच्या भवानी पेठेत आमच्या दोन खोल्या आणि काकांची एक, मध्ये एक भिंत. काका घरात तेलुगू बोलायचे, गल्लीत मराठी. पण त्या मराठीत बाईचा पुरुष आणि पुरुषाची बाई कधी होईल सांगता यायचं नाही. "अक्का, माझी चष्मा कुटं गेला बगा की," असं सकाळी भिंतीपलीकडून आलं की आमचा दिवस सुरू. कानानं कमी ऐकू यायचं. मागाच्या खडखडाटात जन्म गेला त्यांचा. आपल्याला ऐकू येत नाही म्हणजे जगालाच येत नसणार, अशी त्यांची समजूत. म्हणून कुणाच्याही दारात गेले की चौकटीवर हातोडीनं तीन ठोके. टक, टक, टक. मग थांबायचे. आतून कुणीतरी येईपर्यंत उंबऱ्याच्या आत पाऊल नाही. दार सताड उघडं असलं, मी समोरच पोळपाट घेऊन बसलेली असले, तरी तीन ठोके. मी चिडून म्हणायची, अहो दिसतेय ना मी. तर म्हणायचे, "मला तुमी दिसता. मी तुमाला दिसलो का, ते मला काय माहीत?"

आता त्यांचं काम सांगते. चादरीवर मोर असतो, वेल असते, ती कुठून येते हे सोलापूरबाहेरच्या माणसाला ठाऊक नसतं. मागाच्या डोक्यावर जकार्ड म्हणून एक यंत्र बसवलेलं असतं. त्याच्यावरून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची एक लांबलचक माळ फिरत असते. त्या एकेका पट्टीला पत्ता म्हणायचं. पत्त्याला भोकं असतात. जिथं भोक, तिथला दोरा उठतो. जिथं भोक नाही, तिथला दोरा गप्प बसतो. एक पत्ता झाला की दुसरा पुढं येतो, मग तिसरा, आणि असे शेकड्यांनी पत्ते गेले की खाली चादरीवर एक मोर पुरा होतो. ही भोकं पाडायचं काम काकांचं. बारीक चौकटी आखलेल्या कागदावरचं चित्र बघायचं, तोंडानं तेलुगूत आकडे पुटपुटायचे आणि ठोकत राहायचं. त्यांच्या डाव्या अंगठ्याला पंच धरून धरून एक खळगा पडलेला. त्यात शेंगदाणा ठेवला तर पडायचा नाही. गल्लीतल्या पोरांना ते करून दाखवायचे.

कॉम्प्युटर आल्यावर हे काम गेलं. पण काका कुरकुरले नाहीत. मागच्या बोळात एक जुना कारखाना अजून पत्त्यांवर चालायचा, तिथं जाऊन फाटके पत्ते दुरुस्त करत बसायचे. आणि एसटीत, लग्नात, दवाखान्यात, कुठंही कुणाच्या अंगावर चादर दिसली की जाऊन हात लावायचे. एकदा माझ्याबरोबर सरकारी दवाखान्यात आले होते तर एका पेशंटच्या पायावरची चादर चाचपून त्याला म्हणाले, "ही वेल माझी हाय. बरे व्हा आता." तो बिचारा बघतच राहिला.

त्यांच्या स्वतःच्या पांघरुणाची गोष्ट तर गल्लीभर माहीत. तरुणपणी एका मोराच्या डिझाईनमध्ये त्यांच्याकडून एक भोक राहिलं. एकच. पण तो मोर आंधळा निघाला. शंभरेक चादरी विणून झाल्यावर कुणाच्या लक्षात आलं. मालक काय बोलले ते काकांनी कधी सांगितलं नाही. त्यातली एक चादर मात्र त्यांनी मागून घेतली आणि तीच जन्मभर पांघरली. म्हणायचे, आपली चूक अंगावर घेऊन झोपलं की ती दुसऱ्यांदा होत नाही.

दुसऱ्यांदाही झाली. पण ते पुढं.

ही गोष्ट सुरू झाली तेव्हा सई आमची सात वर्षांची होती. तीन वर्षांची असतानाच डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, हिला ऑटिझम आहे. मराठीत त्याला स्वमग्न म्हणतात म्हणे. मला तो शब्द पटत नाही. ही पोरगी स्वतःत कुठली मग्न, ही बाकीच्या सगळ्यात मग्न. पंख्याच्या सावलीत, नळाच्या थेंबात, माझ्या भाकरीच्या कडेला पडलेल्या चिरेत. बोलणं थोडं, तेही बहुतेक आपणच बोललेलं परत. सकाळी पिवळा कप, संध्याकाळी दारातली तिसरी पायरी, असा तिचा दिवस आखलेला. तो तसा गेला की पोरगी सोन्यासारखी. आणि दिवाळी म्हणजे तर सगळं आखलेलं मोडायचा सण. अंधारात उठवायचं, अंगाला वास येणारं उटणं चोळायचं, नवा टोचणारा फ्रॉक घालायचा, घर माणसांनी भरायचं आणि बाहेर कधी धाड्‌ वाजेल याचा नेम नाही.

तिच्या सातव्या दिवाळीला तेच झालं. भाऊबीजेला रेखाचा भाऊ प्रकाश आला, कुर्डुवाडीहून. रेल्वेत आहे, आडदांड पण मायाळू. त्यानं मागून येऊन भाचीला लाडानं उचललं, आणि त्याच वेळी दारात कुणीतरी बॉम्ब लावला. सईनं मामाच्या हाताचा असा चावा घेतला की रक्त आलं. मग किंचाळली, किंचाळतच राहिली. रेखानं तिला मागच्या खोलीत नेलं, दार लावलं, आवाज झाकायला मिक्सर सुरू केला आणि तिथंच बसून राहिली. ओवाळणं झालंच नाही. प्रकाश हाताला फडकं गुंडाळून गुपचूप स्टेशनवर गेला.

पुढच्या वर्षी दसरा झाल्यावर रेखानं सांगून टाकलं की यंदा आमच्यात दिवाळी नाही. कंदील नाही, फराळ नाही, आणि प्रकाशला यायचं नाही म्हणून कळवते. माझा लेक महेश एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात आहे, तो डबा उचलून कामाला गेला. मीच म्हटलं, अगं, लेकराला त्रास नको हे खरं, पण सण म्हटलं की हिला कोंडायचं आणि तुलाही कोंडायचं, असं किती वर्षं? त्यावर रेखा म्हणाली, "मग काय करू ते सांगा ना आई. मला माझा भाऊ नकोय का?"

मी परत भाकऱ्यांकडं वळले.

त्याच आठवड्यात कुठलीशी क्रिकेटची मॅच आपण जिंकलो. संध्याकाळी अचानक गल्लीत लवंगीची माळ फुटली, आणि तिसऱ्या पायरीवर बसलेली सई पायरीवर नाही. धावपळ. महेश एका टोकाला, रेखा दुसऱ्या. मी आपली विहिरी आणि रस्ते आठवून घाबरीघुबरी. सापडली कुठं, तर मागच्या बोळातल्या त्या कारखान्यात. सहा माग एकदम चालू, आपल्याला शेजारच्याचं बोलणं ऐकू येणार नाही एवढा खडखडाट, आणि त्या खडखडाटात ही पोरगी मागाखाली शांत उभी, मान वर करून, फिरणाऱ्या पत्त्यांकडं बघत. शेजारी स्टुलावर काका. तिच्याकडं न बघता, हातातलं काम करत.

महेश तिला उचलायला धावला तर काकांनी हात आडवा केला. म्हणाले, "थांब. तिचा मोर पुरा होऊ दे."

आम्ही थांबलो. मोराची शेपूट झाली, मान झाली, तुरा झाला. मग सई आपण होऊन वळली आणि रेखाचं बोट धरून घरी आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौकटीवर टक, टक, टक. काका. बशीत चहा ओतून घेतला, निवांत प्याले, आणि मग रेखाला म्हणाले, "पोरीला आवाजाची भीती नाही. काल बघितली न्हवं? तिला न सांगता येणाऱ्या आवाजाची भीती हाय." मग मला म्हणाले, "अक्का, माग कधी घाबरतो काय? का नाही घाबरत? पुढं काय येणार ते पत्त्यावर आदीच असतंय. पत्त्यावर नाही ते मागावर नाही. तुमी या लेकराला पत्ता न देता चालवताय."

रेखाला ते लागलं. ती म्हणाली, काका, माझी मुलगी यंत्र नाही.

"तेच की," काका म्हणाले. "यंत्राला पत्ता देता, आणि लेकराला देत नाही."

त्यानंतर पंधरा दिवस भिंतीपलीकडून ठक ठक. रेखाला रोज बोलावणं. आंघोळ आधी की दिवा आधी? उटणं कोण लावतं? मामा कुठल्या गाडीनं येतो? फराळ कधी? काका सगळं चौकटीच्या कागदावर लिहून घ्यायचे, जसं डिझाईन उतरवायचे तसं. आणि मग जुन्या मोराचे उरलेले कोरे पुठ्ठे घेऊन त्यांनी दिवाळीचे पत्ते पाडले. चित्र काढता यायचं नाही त्यांना, पण भोकांनी काय येत नव्हतं? एका पत्त्यावर भोकांची पणती. एकावर तांब्या, आंघोळीचा. एकावर करंजी. मामाचा पत्ता म्हणजे उंबऱ्यात उभा माणूस, हात खाली सोडलेले. हात खाली असं का, तर मामा उचलणार नाही हे तिला कळावं म्हणून. पत्ता दिव्यासमोर धरला की पणती उजळायची, करंजी उजळायची. सईनं ते पहिल्याच दिवशी हेरलं. ती पत्त्यावरून बोट फिरवायची, मग बल्बसमोर धरायची, मग परत बोट. चार दिवसांचे सगळे पत्ते काकांनी दोरीत ओवले आणि आमच्या दारामागच्या खुंटीवर टांगले. एक गोष्ट झाली की सईनं एक पत्ता उलटायचा.

फटाक्यांचं काय, हा प्रश्न होताच. काका घरोघर फिरले. प्रत्येक चौकटीवर तीन ठोके, आणि पोरांना विनंती की फटाके संध्याकाळी सात ते आठ. तेव्हाच उडवा, हवे तेवढे उडवा. त्यासाठी एक वेगळा पत्ता होता, सुरसुरणाऱ्या चक्राचा. तो समोरच्या विजेच्या खांबावर लटकला की सुरू, काढला की बंद. कोपऱ्यावरच्या किराणावाल्यानं टोमणा मारलाच, काय मल्लय्या, आता दिवाळीला पण परवानगी लागणार काय म्हणून. काका म्हणाले, "परवानगी नाही. डिझाईन."

आणि तो पत्ता लटकवायचा कुणी? सईनं.

पहिल्या संध्याकाळी गल्लीतली सगळी पोरं उदबत्त्या घेऊन खांबाखाली जमलेली. सईच्या कानात काकांनी कापूस घातलेला, मागावर काम करणारे घालतात तसा पिळून. ती गेली, पत्ता अडकवला, आणि वळून जी पळाली ती थेट घरात पलंगाखाली. बाहेर धूमधडाका. रेखा पलंगाशेजारी फरशीवर बसलेली. मी देवापुढं. काका उंबऱ्याबाहेर, मनगटावरचं घड्याळ बघत. सई किंचाळली नाही. कानावर हात ठेवून आतून आकडे मोजत होती, आणि मोजत होती तेलुगूत. आठ वाजता ती पलंगाखालून निघाली, बाहेर गेली आणि पत्ता काढून आणला. गल्ली एकदम गप्प. एवढ्या पोरांना आमच्या सईनं गप्प केलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. तिसऱ्या दिवशी तर तिनं वीस मिनिटं आधीच पत्ता काढला. पोरं कुरकुरली, पण थांबली.

भाऊबीजेला प्रकाश आला. त्याला फोनवर सगळं पढवलं होतं. त्यानं चौकटीवर तीनदा वाजवलं, उंबऱ्यात उभा राहिला, हात खाली सोडून, अगदी पत्त्यावरच्यासारखा. ताठ. सईनं पत्ता बघितला, मामा बघितला, परत पत्ता बघितला. मग पत्ता उलटला. उलटला म्हणजे मामा आत येऊ शकतो. रेखानं भावाला ओवाळलं तेव्हा निरांजनापेक्षा तिचेच डोळे जास्त चमकत होते. ताट तिनं जरा जास्तच जोरात फिरवलं. प्रकाश म्हणाला, ताई, तेल सांडेल. एवढंच बोलला तो.

आता इथं गोष्ट संपायला पाहिजे होती. आमचीही तीच कल्पना.

काका दुसऱ्या दिवशी पहाटेच मेव्हणीच्या गावी गेले, चार दिवसांसाठी. आणि सकाळी उठून बघते तर सई पाटावर बसलेली, डोकं पुढं करून, तेल लावा म्हणून. मी म्हटलं, बाळा, झाली की दिवाळी. तिनं उठून मला दारामागं नेलं. शेवटचा पत्ता उलटला होता आणि त्याच्यामागून आला होता तांब्या. पहिला पत्ता.

काकांनी जन्मभर माळा ओवल्या त्या मागासाठी. मागाची माळ गोल असते हो. शेवटचा पत्ता पहिल्याला बांधलेला असतो, म्हणून एक मोर झाला की दुसरा मोर सुरू होतो. हाताच्या सवयीनं त्यांनी आमची दिवाळीही गोल बांधून ठेवली होती.

महेश म्हणाला, कापून टाकू. रेखा म्हणाली, नाही. पत्त्यावर आहे ते होतं, एवढा एकच भरवसा तिला आपण दिलाय, तो चार दिवसांत मोडायचा? महेशनं हातातली कात्री खाली ठेवली. आणि पाटावर बसला, दुसऱ्यांदा अभ्यंगस्नानाला.

तर मंडळी, त्या वर्षी आम्ही दोन दिवाळ्या केल्या. महेश उटण्याचा वास घेऊन कारखान्यात गेला, तिथं त्याला विचारलं म्हणे, काय रे, लग्न ठरलं का परत. फराळ संपलेला, म्हणून करंजीच्या पत्त्याला आम्ही कडक भाकरी आणि शेंगाचटणी ठेवली. सईनं भाकरी चंद्रकोरीसारखी मोडून घेतली आणि चालवून घेतलं. लक्ष्मीपूजन परत. मी लक्ष्मीला म्हटलं, बाई, परवाच गेलीस, बस जरा. संध्याकाळी सातला सई पत्ता घेऊन खांबाकडं निघाली तर गल्लीतल्या पोरांचा विश्वासच बसेना. कुणी उरलेल्या टिकल्या आणल्या, कुणी ओल्या फुलबाज्या. किराणावाला टोमणे मारायचं विसरला आणि मागं राहिलेला माल काढून दुकानाबाहेर मांडून बसला.

भाऊबीजेचा पत्ता यायच्या आदल्या दिवशी रेखानं भावाला फोन केला. मला वाटलं तो हसेल. त्यानं एवढंच विचारलं, हात खालीच ठेवायचे ना?

चौथ्या दिवशी दुपारी काका परत आले. दारात रांगोळी, वर कंदील, आत प्रकाश पाटावर, डोक्यावर टोपी, रेखाच्या हातात ताट. टक, टक, टक. काका उंबऱ्यात उभे. रांगोळी बघितली, कंदील बघितला आणि मला म्हणाले, "अक्का, तुमच्यात दिवाळी किती दिवस असतंय?"

मी नुसतं खुंटीकडं बोट केलं. काका गेले, माळ हातात घेतली, शेवटची गाठ चाचपली, आणि मटकन खाली बसले. चेहरा पार उतरलेला. आंधळ्या मोराच्या वेळी झाला असेल तसाच. पण प्रकाश जो हसायला लागला, तो टोपी पडेपर्यंत हसला. मग महेश, मग रेखा. गेल्या वर्षी ज्या घरात मिक्सर लावून रडणं झाकलं होतं, त्याच घरात सगळे पोट धरून बसलेले.

सई हसत नव्हती. ती काकांच्या हातातल्या माळेकडं बघत होती.

काका घरी गेले आणि एक कोरा पुठ्ठा घेऊन आले. एकही भोक नसलेला. सईशेजारी बसले, समोर नाही, शेजारी. तिच्याशी बोलताना त्यांचा आवाज बारीक व्हायचा, एरवी तो भिंत फोडून यायचा. तिला ते बुज्जी म्हणायचे, तेलुगूत छकुली. म्हणाले, "बुज्जी, ह्याला भोक नाही. एक बी दोरा उठत नाही. आज काय नाही. माग बंद." सईनं पत्त्यावरून बोट फिरवलं, इकडून तिकडं, तिकडून इकडं. बल्बसमोर धरला. उजेड आला नाही. मग काकांनी तिच्यादेखत गाठ कापली आणि भाऊबीजेच्या मागं तो कोरा पत्ता ओवून दोरीला गाठ मारली. सईनं कोरा पत्ता उलटला. उठली, आणि जाऊन तिसऱ्या पायरीवर बसली. दुसऱ्या दिवशी तेल मागितलं नाही.

कापलेल्या दोरीचा तुकडा काकांनी खिशात टाकला. मी विचारलं, तो कशाला? म्हणाले, "पांघरुणाला बांधतो."

त्यानंतर सई रोज दुपारी भिंतीपलीकडं. काकांनी तिच्या हातात पंच दिला. रेखा घाबरायची, बोटाला लागेल म्हणून. लागलंही एकदोनदा. पण ज्या पोरीला आपल्या मनातलं दोन शब्दांत सांगता येत नव्हतं, ती पुठ्ठ्यावर सांगायला लागली. भूक लागली, ताट. डोकं दुखतंय, डोक्यात एक मोठं भोक. रागावली की नुसतीच भोकं, सगळीकडं भोकं, आणि तो पत्ता ती महेशच्या उशीवर ठेवायची.

गेल्या वर्षी काकांच्या डोळ्यांचं दुखणं वाढलं. भिवंडीचा लेक न्यायला आला. ऑपरेशन, मग विश्रांती, मग बघू, असं ठरलं. आणि जायचं कधी, तर वसुबारसेच्या आदल्या दिवशी. दिवाळीची माळ त्यांनी सईला घेऊन करून ठेवली होती, शेवटी कोरा पत्ता लावून, गाठ दोनदा तपासून. पण माळ करणारा माणूसच आता त्या माळेत नव्हता. रेखानं मला विचारलं, हिला कसं सांगायचं? काका म्हणाले, जसं सगळं सांगतो तसं. त्यांनी एक पत्ता पाडला. काकांच्या खोलीचं दार, आणि दाराला कुलूप. सईपुढं ठेवला.

सई रडली नाही. पत्ता चाचपला, पंच उचलला आणि भिंतीकडं तोंड करून बसली. दोन दिवस ठक ठक. जवळ कुणी जायचं नाही.

जायच्या दिवशी सकाळी दारात रिक्षा उभी. सामान म्हणजे एक ट्रंक आणि आंधळ्या मोराची चादर. सई बाहेर आली आणि काकांच्या हातात एक माळ दिली. पाच पत्ते. काकांना धड दिसत नव्हतं, त्यांनी बोटानं वाचलं. पहिला, रिक्षा. दुसरा, आगगाडी. तिसरा, मोठा डोळा. चौथा, चादर, म्हणजे विश्रांती. पाचव्यावर नुसती तीन भोकं, एका ओळीत.

"हे काय आलं?" लेकानं विचारलं.

काकांना कळलं होतं. त्यांनी रिक्षाच्या दांड्यावर बोटानं वाजवून दाखवलं. टक, टक, टक. त्यांचं बोट मग दोरीवरून पुढं गेलं आणि थांबलं. पाचवा पत्ता पहिल्याला बांधलेला होता.

मला वाटलं, पोरीची चूक झाली. मागचा सगळा घोळ आठवला, आणि मी पटकन म्हटलं, काका, थांबा, कात्री आणते.

"नको अक्का," काका म्हणाले. "बरोबर बांदलीय. गेलं की यायचं, परत गेलं की परत यायचं. राहू दे गोल."

आता दर रविवारी फोन येतो. मी विचारते, काका, कधी येताय? डोळा झाला, दुसरा डोळा झाला, नातवाची परीक्षा आली. म्हणतात, "चौथा पत्ता चाललाय अक्का. लांब हाय जरा." सई फोनवर बोलत नाही. फोनच्या पाठीवर नखानं तीनदा वाजवते. पलीकडून तीनदा उत्तर येतं, मग फोन परत माझ्याकडं. गेली दिवाळी तिनं नीट पार पाडली, मामासकट. यंदाची माळ ती आपली आपण करतेय, कोऱ्या पत्त्यासकट.

पण मला आठवतात ते त्या सकाळचे काका. रिक्षात मागं बसलेले, मांडीवर चादर, चादरीवर माळ. सई तिसऱ्या पायरीवर. हात हलवणं बिलवणं तिला येत नाही, आणि काकांनीही हलवला नाही. रिक्षा सुरू झाली, किराणावाल्याच्या कोपऱ्यापर्यंत गेली, आणि वळताना मला दिसलं, काकांनी मान खाली घालून अंगठ्यानं चाचपून रिक्षाचा पत्ता उलटला.